नादारीचा अर्ज : वकिलाकडे जाताना

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण चारचौघांत खरी असेल. पण कर्जात बुडालेला माणूस वकिलाची पायरी चढतो, तेव्हा ती मूठ उघडावीच लागते. ती कशी उघडावी, एवढेच आज सांगायचे आहे.

भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे लहान कारखाने पुष्कळ आहेत. समजा, त्यांतलाच एक कारखानदार. गाळा भाड्याचा, यंत्र बँकेच्या कर्जाचे, पत्रा उधारीवर. मोठे गिऱ्हाईक बुडाले आणि हप्ते थकले. मग पतपेढीचे कर्ज झाले, त्याला मेहुणा जामीन राहिला. बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या. शेवटी हातउसने. आता कोणी सांगते, “दिवाळे काढ, सुटशील.”

ते इतके सोपे नाही. न्यायालयाने नादार ठरवले की मालमत्ता सरकारी रिसीव्हरच्या ताब्यात जाते, तिच्यातून धनकोंना वाटणी होते, आणि मुक्तीसाठी पुन्हा वेगळा अर्ज द्यावा लागतो.

वकील आधी विचारील, कर्ज कोणाच्या नावावर? कंपनीच्या असेल, तर २०१६ ची दिवाळखोरी संहिता लागते. माणसाच्या स्वतःच्या नावावर असेल, तर अजून जुनेच कायदे चालतात : मुंबई शहराला १९०९ चा, बाहेर १९२० चा. मीरा-भाईंदर मुंबईला खेटून असले तरी जिल्हा ठाणे; म्हणून १९२० चा कायदा आणि ठाण्याचे जिल्हा न्यायालय. तेव्हा राहत्या घराचा आणि धंद्याच्या जागेचा पुरावा पिशवीत सर्वांत वर ठेवा.

मग एक कोरा कागद घ्या आणि धनकोंची यादी करा. नाव, पत्ता, मुद्दल, व्याज, फेडलेली रक्कम, तारण काय, जामीन कोण. चिठ्ठी नसलेले हातउसनेही त्यात आले पाहिजे. दुसऱ्या कागदावर मालमत्ता : घर, गावाकडच्या जमिनीचा सातबारा, विमा, दागिने, आणि लोकांकडून येणे असलेली उधारी. धंद्याच्या वह्या, बँकेची पासबुके, कराचे कागद आणि कोर्टाच्या नोटिसा बरोबर घ्या. नोटिशीचे पाकीटही फेकू नका. ती कधी पोचली ते त्यावरून कळते.

भीतीपोटी भांडीकुंडी लपवू नका. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल व बियाणे, आणि धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने यांना दिवाणी कायद्याचे संरक्षण आहे.

सर्वांत अवघड कागद वेगळाच असतो. आपल्या कारखानदाराने गेल्या वर्षी राहती खोली भावाच्या नावे बक्षीसपत्र करून दिली, असे धरा. तो कागद घरी ठेवून जाण्याचा मोह होतो. पण अर्जाआधीच्या दोन वर्षांतले असे बक्षीस न्यायालय रद्द करू शकते. शेवटच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकते माप देऊन केलेली फेडही टिकत नाही. आणि मालमत्ता किंवा वह्या कपटाने दडवल्या, तर एक वर्षापर्यंत कैद आहे. म्हणून तो कागद आधी दाखवा. झाल्या गोष्टी अशिलाने विश्वासाने सांगितल्या, तर त्याच्या संमतीशिवाय वकिलाला त्या उघड करता येत नाहीत.

नादारीने सगळे सुटत नाही हेही ऐकून ठेवा. तारण घेतलेल्या बँकेचा तारणावरचा हक्क कायम राहतो. सरकारी देणे राहते. आणि ऋणको मुक्त झाला, तरी जामीन मोकळा होत नाही. त्याच्या दारी वसुली जाऊ शकते.

गावातले असले कागद वाचून घ्यायला लोक गुरुजींकडेच येतात, म्हणून शिक्षकांना एक विनंती. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, हे आपण वर्गात शिकवता. आज मात्र कागद जाळू देऊ नका. प्रत्येक पावती जपायला सांगा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, तेही सांगा.

आणि आपल्या कारखानदाराला एवढेच सांगणे : पिशवी भरली की वकिलाकडे जाण्याआधी मेहुण्याकडे जा. ही बातमी त्याला नोटिशीतून कळू नये.