स्पीकरचा अडॅप्टर बदलताना : पिन बसली म्हणजे जुळला असं नाही



परिपाठाचा स्पीकर, कीबोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा यांचा अडॅप्टर हरवला की आपण बीड, परळी नाहीतर अंबाजोगाईच्या बाजारातून दुसरा आणतो. पिन बसली की काम झालं, असं वाटतं. पण एकाच मापाची पिन 9 व्होल्टच्या अडॅप्टरला असते आणि 24 व्होल्टच्याही. म्हणून आधी लेबल वाचायचं, पिन शेवटी पाहायची.

लेबलवर काय पाहावे?

1) व्होल्ट : उपकरणावर लिहिले असतील तेवढेच हवेत. जास्त असतील तर आतले भाग जळू शकतात.

2) अँपिअर : तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नकोत. टाकी मोठी असली तरी नळ लागेल तेवढंच पाणी घेतो, तसंच हे. कमी क्षमतेचा अडॅप्टर मात्र तापतो. (1000 मिलिअँपिअर = 1 अँपिअर)

3) एसी की डीसी : सरळ रेघ व तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी, नागमोडी रेघ म्हणजे एसी. अदलाबदल करू नये.

4) ध्रुव : पिनच्या चित्रात मधल्या टिंबाला + जोडलाय की −, हे दोन्हीकडे सारखं हवं.

5) नोंदणी : भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक पाहा. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो.

हे एवढं का?

सॉकेटमध्ये 230 व्होल्ट असतात. ते आणि स्पीकरकडे जाणारी वायर यांना वेगळं ठेवणं हे अडॅप्टरचं मुख्य काम. हलक्या अडॅप्टरमधलं हे इन्सुलेशन फुटलं, तर तोच दाब माइकच्या धातूपर्यंत येऊ शकतो, आणि माइक मुलाच्या हातात असतो. म्हणून फार तापणारा, जळका वास येणारा किंवा तडा गेलेला अडॅप्टर चिकटपट्टी लावून वापरू नका.

व्होल्ट बदलायचं बटण असलेला अडॅप्टरही शाळेत नकोच; कुणीतरी ते फिरवतंच!

विद्यार्थ्यांसाठी कृती : घरातल्या तीन अडॅप्टरची लेबलं वाचा (सॉकेटमधून काढूनच). आउटपुटचे व्होल्ट × अँपिअर करून वॅट काढा. उदा. 12 × 2 = 24 वॅट. नंतर प्रत्येकावर उपकरणाच्या नावाची चिठ्ठी चिकटवा.