पंधरा सेकंदांची टाळी, वर्षभराची उस्तवार

मैत्रिणींनो, आमच्या भातसानगरच्या आसपासच्या पाड्यांवरची मुलं माझ्या वर्गात आहेत. मागे त्यांना 'माझा आवडता प्राणी' हा निबंध दिला. मला वाटलं, कुत्रा-मांजर येईल. पण पाच-सहा जणांनी चक्क शर्यतीच्या बैलावर लिहिलं! त्याचे दात किती, कुठल्या मैदानात पहिला आला, सगळं तोंडपाठ. एकाने शेवटी लिहिलं होतं, 'त्याचं सगळं माझी आई करते.' ते एवढंसं वाक्य काही केल्या मनातून जाईना.

या बैलाची कारकीर्द घडते तरी कशी? जातीने तो बहुधा खिल्लार. उंच, काटक, चपळ. आमच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हसा गावची यात्रा भरते. तिथला गुरांचा बाजार प्रसिद्धच आहे. पक्के दात येण्याआधी तो 'आदत', दोन आले की 'दुसा', चार आले की 'चौसा'. पुष्कळ ठिकाणी शर्यतीचे गटही यावरूनच पडतात. पुण्याकडच्या घाटात चार बैल गाडा ओढतात आणि सेकंद मोजले जातात. आपल्याकडे दोन बैलांची हलकी छकडी आणि तिच्यावर हाकणारा. एकदा नाव झालं की पाहायलाच नको! २०२३ साली सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीच्या मैदानात बकासुर आणि महिब्या या जोडीने थार गाडी जिंकली, तेव्हा लहान पोरांच्या तोंडीही त्यांचीच नावं होती.

पण बाई, धाव संपते दहा-पंधरा सेकंदांत. उरलेला दिवस कोणाचा? पहाटे पेंड भिजवायची, कणकेचे गोळे करायचे, दूध-अंडी द्यायची, शेण काढायचं, अंग चोळायचं. माझ्या ओळखीच्या एक वहिनी हसत म्हणाल्या, "अंडी आधी बैलाला, उरली तर पोरांना." त्या हसल्या खऱ्या, पण मला काही हसू आलं नाही.

शिवाय या धंद्यात भरवसा कसला? ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. २०१७ साली राज्याने कायदा बदलला, पण प्रकरण पुन्हा कोर्टात अडकलं. १६ डिसेंबर २०२१ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने कायदा मान्य केला. मधल्या काळात मैदानं ओस पडली, पण गोठ्यातल्या जिवाचं पोट थोडंच थांबतं?

आणि जिवाची भीती वेगळीच. अमेरिकेत 'रोडिओ' नावाचा खेळ असतो. उसळणाऱ्या बैलाच्या पाठीवर एका हाताने दोर धरून आठ सेकंद टिकायचं. लेन फ्रॉस्ट हा त्यातला १९८७ सालचा जगज्जेता. 'रेड रॉक' नावाच्या ज्या बैलावर ३०९ प्रयत्नांत कोणी टिकलं नव्हतं, त्याच्यावर तो १९८८ साली सातपैकी चार वेळा टिकला. ३० जुलै १९८९ला शायेन गावी आठ सेकंद पुरे करून तो खाली उतरला आणि बैलाने मागून धडक दिली. लेन गेला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. मागे उरली तरुण बायको, केली. पुढे कोडी लँबर्ट या त्याच्या मित्राने स्वारांसाठी छाती-बरगड्या जपणारं जाकीट तयार केलं. ते आधी असतं तर?

हे 'आधी' आपल्या हातात आहे, म्हणून सांगते. शर्यत वाईट असं मी म्हणत नाही. त्या बैलावर घरचे पोटच्या पोरासारखी माया करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ज्या गोठ्यात तुमचे हात राबतात, तिथे तुमचा शब्दही चालायला हवा. मैदानाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे का, एवढं निघण्याआधी विचारा. धाव एक हजार मीटरपेक्षा जास्त नको, पशुवैद्याची तपासणी हवी. काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना नियमानेच बंदी आहे. छकडीवर मुलगा बसणार असेल तर डोक्यावर हेल्मेट घातल्याशिवाय उंबरठा ओलांडू देऊ नका. बैलाचा खर्च वहीत वेगळा मांडा आणि पैशांची निकड लागली तरी अंगावरचा दागिना त्यापायी गहाण पडू देऊ नका.

आणखी एक प्रश्न, बैल घ्यायच्या आधीच घरात विचारा : पळणं थांबल्यावर याला कोण सांभाळणार?

त्या वहिनींनी हा प्रश्न विचारला. घरात दोन दिवस कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सासरे म्हणाले, "तो म्हातारा होईल, पण दावणीवरून हलणार नाही."

अंडी मात्र आता आधी पोरांना मिळतात.