संगणकाचे बिऱ्हाड हलवताना

समुद्रकाठच्या गावात लोखंड फार दिवस टिकत नाही. खारा वारा खिडकीचे गज, सायकलीची साखळी आणि दाराची बिजागरी यांना सारखाच खात असतो. चेन्नईच्या मध्यवस्तीपासून दक्षिणेस सुमारे 40 किलोमीटरांवर असलेले कोवलम हे असेच एक गाव आहे. केरळातील याच नावाच्या किनाऱ्याहून ते वेगळे. युरोपीय व्यापाऱ्यांच्या जुन्या कागदपत्रांत ते कोव्हलाँग या नावाने आढळते. त्याच्या पूर्वेस बंगालचा उपसागर आणि पश्चिमेस खाडी व बकिंगहॅम कालवा आहे. पलीकडे केळंबाक्कमची वाट लागते आणि तेथून जवळच सिरुसेरीचे संगणक-उद्योगांचे संकुल उभे आहे. संकुलातील यंत्रे वातानुकूलित दालनांत राहतात. कोवलमच्या घरांतील यंत्रांना मात्र उघड्या खिडकीतून येणारी दमट, खारी हवाच सोसावी लागते.

तमिळनाडू शासनाने 15 सप्टेंबर 2011 रोजी विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. त्यामुळे ज्या घरांत संगणक विकत घेण्याचा विचारही झाला नसता, अशा घरांतही तो पोहोचला. योजनेच्या आरंभीच्या लॅपटॉपांत 320 जीबीची हार्ड डिस्क होती आणि तीवर विंडोज व बॉस लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली शेजारीशेजारी बसवलेल्या होत्या. बॉस ही प्रणाली सी-डॅक या संस्थेच्या चेन्नई केंद्रात तयार झाली व 2007 साली प्रथम प्रसृत झाली. पुण्यात 1988 साली स्थापन झालेली ती हीच सी-डॅक होय.

आता अशी कल्पना करू की, कोवलममधील एका मच्छीमार कुटुंबातील मुलीला असा लॅपटॉप मिळाला. तिचे शिक्षण संपले आणि यंत्र धाकट्या भावाकडे आले. त्यात तिची प्रमाणपत्रे, घरातील लग्नाची छायाचित्रे आणि भावाचा महाविद्यालयीन प्रकल्प साठलेला आहे. एके दिवशी यंत्र सुरू होण्यास दहा मिनिटे लागू लागतात आणि आतून टक्‌ टक्‌ असा आवाज येतो. बाकी सारे भाग धडधाकट आहेत, फक्त हार्ड डिस्क थकली आहे. नवी डिस्क विकत आणणे सोपे आहे. जुन्या डिस्कवरील सारा संसार नव्या डिस्कवर न्यायचा कसा, हा खरा प्रश्न आहे.

डिस्कच्या आत काय असते

हार्ड डिस्क ही मुळात फिरणारी चुंबकीय चकती आहे. आयबीएम कंपनीने 1956 साली अशी पहिली डिस्क बाजारात आणली, तेव्हा तीत 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून 50 लाख अक्षरे मावत. लॅपटॉपमधील डिस्कची चकती अवघ्या अडीच इंचांची असून ती बहुधा मिनिटाला 5,400 फेरे घेते. तिच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीच्या हजारांशाहूनही कमी अंतरावर वाचक-शीर्ष तरंगत असते. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून नेहमीच्या डिस्कच्या कवचास एक सूक्ष्म छिद्र असते. त्यावरील गाळणी धुळीला अडवते, परंतु दमटपणाला पुरते अडवू शकत नाही. बाहेरच्या बाजूचे विद्युत्-मंडल आणि जोडणीचे दाते तर उघडेच असतात. तथापि प्रत्येक बिघाडाचा दोष समुद्राच्या माथी मारणे योग्य नाही. उष्णता, धक्के आणि वय ही कारणेही तितकीच बलवान आहेत.

ही चकती लहान लहान कप्प्यांत विभागलेली असते. या कप्प्यांना सेक्टर म्हणतात आणि परंपरेने एका सेक्टरात 512 बाइट मावतात. अगदी पहिल्या सेक्टरचे महत्त्व वेगळे आहे. यंत्राचे बटण दाबताच मुख्य पाटीवरील एका चिपमधील लहानसा कार्यक्रम जागा होतो, डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो आणि त्यात लिहिलेल्या सूचनांच्या हाती कारभार सोपवतो. या 512 बाइटांपैकी 446 बाइट प्रारंभीच्या सूचनांसाठी राखलेले असतात. पुढील 64 बाइटांत डिस्कचे विभाग कोठून कोठपर्यंत आहेत याचा तक्ता असतो आणि शेवटचे दोन बाइट ही ओळखीची खूण असते. दोन कार्यप्रणाली असलेल्या यंत्रात 446 बाइट पुरत नाहीत. म्हणून ग्रब नावाचा प्रारंभक आपला उरलेला भाग पहिला सेक्टर आणि पहिला विभाग यांमधील मोकळ्या जागेत ठेवतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. पहिला सेक्टर काय किंवा ती मोकळी जागा काय, यांतील मजकूर कोणत्याही फाइलमध्ये नसतो. फोल्डर उघडून कितीही शोधले तरी तो दिसणार नाही. म्हणूनच जुन्या डिस्कवरील झाडून साऱ्या फाइली नव्या डिस्कवर उतरवल्या, तरी यंत्र सुरू होत नाही. बिऱ्हाड हलवताना भांडीकुंडी सारी न्यावीत आणि दाराची किल्ली मात्र जुन्या घरीच राहावी, तसा हा प्रकार होतो. कार्यप्रणाली हलवणे म्हणजे फाइली आणि त्यांच्या बाहेरची ही अदृश्य सामग्री, दोन्ही हलवणे होय.

नव्या धाटणीच्या यंत्रांत ही व्यवस्था बदलली आहे. तेथे प्रारंभाच्या सूचना एका छोट्या स्वतंत्र विभागात फाइलींच्या रूपाने असतात आणि विभागांच्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. मोठ्या डिस्कवर अशी नक्कल उतरवली की ही दुसरी प्रत मध्येच कोठेतरी पडते. तिला पुन्हा शेवटी न्यावे लागते.

प्रत्यक्ष स्थलांतर

प्रथम घरातील महत्त्वाच्या फाइली एखाद्या वेगळ्या साधनावर उतरवून घ्याव्यात. मग जुन्या डिस्कची प्रकृती तपासावी. डिस्क आपल्या खराब झालेल्या सेक्टरांची नोंद स्वतःच ठेवत असते आणि ती पाहण्याची विनामूल्य साधने उपलब्ध आहेत. ही संख्या वाढत असेल, तर विलंब करू नये.

नवी डिस्क एका बाह्य पेटीत बसवून यूएसबीने लॅपटॉपला जोडतात. त्यानंतर लॅपटॉप स्वतःच्या डिस्कवरून न चालवता, पेनड्राइव्हवरील स्वतंत्र प्रणालीवरून सुरू करतात. चालू असलेली प्रणाली क्षणोक्षणी आपल्या फाइली बदलत असते. वाहत्या पाण्याचे माप घेता येत नाही, म्हणून नक्कल करताना ती निजलेली असणे बरे. क्लोनझिला हे अशाच कामासाठी तैवानमध्ये विकसित झालेले विनामूल्य साधन आहे. ते डिस्कचा फक्त वापरलेला भाग उतरवते, त्यामुळे वेळ वाचतो. परंतु नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी, अशी त्याची सर्वसाधारण अट असते. 320 जीबीच्या जागी 240 जीबीची एसएसडी आणली असेल, तर जुने विभाग आधी आकसून घ्यावे लागतात. मोठी डिस्क घेतल्यास ही दगदग टळते.

सबंध डिस्क सेक्टरामागून सेक्टर उतरवायची झाल्यास लागणाऱ्या वेळेचा हिशेब सोपा आहे. जुन्या धाटणीच्या यूएसबीतून सेकंदाला सुमारे 32 एमबी जातात असे धरले, तर 320 जीबीला 10,000 सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात. या काळात वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरीही दमलेली असली, तर काम अर्धवट राहते. बॅटरी पूर्ण भरून आणि विजेचा भरवसा असलेल्या वेळीच हे काम हाती घ्यावे.

डिस्क आधीच आजारी असेल, तर साधी नक्कल पहिल्या खराब सेक्टरशी अडखळते. अशा वेळी डीडीरेस्क्यू हे साधन वापरावे. ते प्रथम निरोगी भाग उतरवते, वाईट जागांची नोंद ठेवते आणि त्यांच्याकडे शेवटी वळते. बुडत्या होडीतून आधी माणसे काढावीत आणि मग जाळी, हाच यातील विवेक आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र यंत्राकडून नसून माणसाच्या हातून असतो. नक्कल करताना मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती हे सांगावे लागते. ही दोन नावे उलटसुलट झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि काही क्षणांत सारे पुसले जाऊ लागते. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी दोन्ही डिस्कांची क्षमता व बनावट कागदावर लिहून ताडून पाहावी.

नक्कल झाल्यावर

नक्कल पूर्ण झाली की यंत्र बंद करावे, जुनी डिस्क काढावी आणि तिच्या जागी नवी बसवावी. दोन्ही एकाच वेळी जोडून यंत्र सुरू करू नये. प्रत्येक डिस्कवर व विभागावर एक ओळखक्रमांक असतो आणि नक्कल करताना तोही उतरतो. एकाच नावाची दोन माणसे समोर उभी राहिली म्हणजे विंडोज त्यांपैकी एकीला बाजूला ठेवते किंवा तिचा क्रमांक बदलते. लिनक्स तर भलत्याच विभागावर काम सुरू करण्याचा संभव असतो. ज्या यंत्रांत डिस्क कुलूपबंद करण्याची सोय चालू आहे, तेथे पुनःप्राप्तीची किल्ली आधीच लिहून ठेवलेली असली पाहिजे.

हुबेहूब नकलेबरोबर जुन्या प्रणालीचे गुण येतात, तसे तिचे रोगही येतात. यंत्रात विषाणू शिरले असतील किंवा फाइली नासल्या असतील, तर नव्या डिस्कवर प्रणाली नव्याने बसवून फक्त आपल्या फाइली परत आणणे शहाणपणाचे ठरते. नवी डिस्क प्रणालीचे वयही कमी करत नाही. विंडोज 10 चे सर्वसाधारण साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले. त्या प्रकारच्या जुन्या यंत्रांचे आयुष्य वाढवायचे, तर लिनक्सचा विचार करणे भाग आहे.

अखेरची सूचना जुन्या डिस्कविषयी. यंत्र नव्या डिस्कवर एकदा सुरू झाले म्हणून जुनी लगेच पुसू नये. दोन्ही प्रणाली उघडून पाहाव्यात, छायाचित्रे व प्रमाणपत्रे प्रत्यक्ष उघडतात याची खात्री करावी आणि काही आठवडे ती कोरड्या डब्यात जपून ठेवावी. तोवर कोवलमच्या त्या घरातील संसाराचा तीच एक शाबूत पुरावा असते. पुढे ती भंगारात देण्यापूर्वी मात्र तिच्यावर सर्वत्र शून्ये लिहून ती कोरी करावी. घर सोडताना भिंतीवरची नावे पुसावीत, नाही तर आपली कागदपत्रे अनोळखी माणसाच्या हाती आयतीच पडतात.