घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे!

'कसा ढाराढूर झोपलाय!' असे घोरणाऱ्याकडे पाहून आपण कौतुकाने म्हणतो. परंतु घोरताना श्वास वारंवार अडत असेल, तर ती झोप विश्रांतीची नव्हे. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हृदयाला तेवढीच उसंत. श्वास अडला की रक्तातील प्राणवायू घटतो, झोप चाळवते, रक्तदाब उसळतो. इन्सुलिनचे कामही मंदावते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयरक्षणाच्या आठ सूत्रांत झोपेचा समावेश केला. प्रौढांना ७ ते ९ तास सांगितले.

श्वास अडल्याचे झोपणाऱ्याला बहुधा कळत नाही, घरच्यांना कळते. दिवसा पेंग येत असेल, गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टरांकडे जाताना घरच्यांना सोबत न्यावे. वजन घटवावे, मद्य टाळावे. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.