सरकारी तिजोरीची चावी आणि आपली बिले

लोखंडी कपाटे, शाळेची बाके, चादरी, गणवेश असा माल सरकारी कचेऱ्यांना पुरविणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना मार्च महिना चांगला ठाऊक असतो. वर्षभर गप्प असलेली कचेरी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जागी होते आणि चार दिवसांत माल मागते. माल जातो, बिल मात्र रखडते.

वास्तविक ही मार्चची धावपळ केंद्राच्या नियमाविरुद्ध आहे. दिल्लीत अर्थ मंत्रालयाचा व्यय विभाग आहे. कोणत्या खात्याने किती, कसे आणि केव्हा खर्च करावे याचे नियम तो घालतो. त्याची 'सामान्य वित्तीय नियमावली' प्रथम १९४७ मध्ये निघाली आणि १९६३, २००५ व २०१७ मध्ये सुधारली गेली. वर्षअखेरीस घाईने खर्च करणे हा आर्थिक शिस्तीचा भंग आहे, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. शहाणा माणूस स्वतःचा पैसा जपतो तसाच अधिकाऱ्याने सरकारी पैसा जपावा, असेही एक कलम आहे. आपल्या दुकानातले जुने मुनीमही हेच सांगत!

खर्चात सुधारणा सुचविण्यासाठी २००० मध्ये के. पी. गीताकृष्णन आणि २०१४ मध्ये बिमल जालन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमले गेले. पण कारागिराला अहवालापेक्षा नियमाचा उपयोग अधिक. केंद्राच्या निविदेत सूक्ष्म व लघु उत्पादकाला बयाणा रक्कम माफ आहे. हे माहीत नसल्याने कित्येक जण उसनवारी करून बयाणा भरतात किंवा निविदेच्या वाटेलाच जात नाहीत. काम मिळाल्यावरची सुरक्षा अनामत मात्र माफ नाही, तेवढी तजवीज आधीच ठेवावी.

येथे एक गफलत नेहमी होते. २०२१ पासून घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यालाही 'उद्यम' नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. बयाण्याची माफी आणि सरकारी खरेदीतला राखीव वाटा माल बनविणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहे. दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्याने हे प्रमाणपत्र निविदेला जोडून भागत नाही.

आता थकलेल्या बिलाकडे वळू. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्या दिवशीच तो स्वीकारला असे धरतात. म्हणून चलनावर तारीख, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नये. साहेब जेवायला गेले असतील तर थांबावे. पुढे सुविधा परिषदेकडे तक्रार नेताना पहिला कागद हाच मागतात. उद्यम नोंदणीही माल देण्याआधीची हवी. नंतरची नोंदणी जुन्या बिलांना लागू होते का, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत.

माहिती वेळेवर न मिळाल्याने काय होते, याचे उदाहरण २०२३ चे. कोरोनाकाळात वेळेत माल न दिल्यामुळे ज्या लहान पुरवठादारांची अनामत जप्त झाली किंवा दंड कापला गेला, त्यांना ९५ टक्के रक्कम परत देण्याची 'विवाद से विश्वास' योजना व्यय विभागाने काढली. अर्ज करायला काही महिनेच होते. ज्यांच्या कानावर ती वेळेत आली नाही, त्यांची संधी गेली.

वरील नियमावली केंद्राच्या खात्यांची आहे. राज्य सरकार, जिल्हा परिषद किंवा नगरपालिका यांच्या खरेदीला राज्याचे नियम व शासन निर्णय लागतात, तेव्हा निविदेतील अटी वेगळ्या वाचाव्यात. ४५ दिवसांचा कायदा मात्र त्यांनाही लागू आहे.