मांडीवरचा प्रवासी

नुकतं चालायला लागलेलं मूल तासाभरात किती पावलं टाकतं? न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना मोकळं खेळू दिलं आणि हे मोजलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तासाला सरासरी २,३६८ पावलं भरली, आणि पडणं तासाला १७ वेळा. पडायचं, उठायचं, पुन्हा निघायचं, असंच ते वय चालायला शिकतं. मुंबईहून अमेरिकेला थेट जाणाऱ्या विमानात याच मुलाला पंधरा-सोळा तास एका जागी बसवायचं असतं. विमानात बाळांसाठी मिळणाऱ्या छोट्या पाळण्यात, बेसिनेटमध्ये, आता ते मावत नाही. दोन वर्षं पूर्ण झालेली नसली, तर त्याला स्वतंत्र सीट घ्यायचं बंधनही नाही. म्हणजे ते बसणार आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर.

अशा प्रवासाची तयारी करताना घरोघरी चर्चा होते ती मूल रडलं तर काय, याची. सुरक्षिततेचा विषय क्वचितच निघतो, कारण ती विमान कंपनीची जबाबदारी असं आपण धरून चालतो. खरं तर हे दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. हात आणि डोळे कशात तरी गुंतले असतील, तरच एवढंसं मूल पट्ट्यात बसून राहतं.

आधी मांडीचा विचार करू. लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान २१ मे २०२४ रोजी म्यानमारवर ३७,००० फुटांवर असताना जोराच्या हवाई झोताच्या तडाख्यात सापडलं. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येक जखमी झाले. तपास यंत्रणेने विमानातल्या नोंदी तपासल्या. उभ्या दिशेतला जोर, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत (‘जी’मध्ये) मोजला तर, अवघ्या ०.६ सेकंदात अधिक १.३५ जी वरून उणे १.५ जी वर गेला होता. उणे जी म्हणजे शरीर छताकडे फेकलं जाणं. दीड वर्षाच्या मुलाचं वजन साधारण १० किलो धरलं, तर त्या क्षणी ते मूल १५ किलोच्या ओढीने वर खेचलं जाणार. अचानक काही घडलं, तर माणसाला हात आवळायलाच पाव सेकंद लागतो, तोही जागा आणि सावध असला तर. रात्रीच्या प्रवासात पेंगुळलेल्या आईकडून ही पकड मागणं अन्यायाचं आहे. विमान धावपट्टीवर आदळलं किंवा अचानक थांबलं, तर मूल पुढच्या दिशेने फेकलं जातं. आधुनिक प्रवासी विमानांच्या सीटची चाचणी समोरच्या दिशेने १६ जी धक्क्याला घेतात. तेवढ्या धक्क्यात १० किलोचं मूल १६० किलोंच्या जोराने पुढे जाईल. कितीही माया असली, तरी हातांना ते पेलणार नाही.

हे केवळ कागदावरचं गणित नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतल्या सू सिटी इथे युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-१० विमान निकामी नियंत्रणांनिशी उतरताना कोसळलं. विमानात मांडीवरची चार मुलं होती. त्या काळच्या सूचनेनुसार त्यांना जमिनीवर, पालकांच्या पायांपाशी ठेवायला सांगण्यात आलं. त्यांपैकी एक मूल दगावलं. ही सूचना देणाऱ्या मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी पुढे कित्येक वर्षं एकच मागणी लावून धरली: प्रत्येक मुलाला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा हवा. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाचंही तेच मत आहे. तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने मात्र सक्ती केली नाही. मुलाचं तिकीट सक्तीचं झालं, तर खर्चापायी काही कुटुंबं मोटारीने जातील, आणि रस्त्यावरचा प्रवास विमानापेक्षा कितीतरी धोकादायक, असा त्यांचा युक्तिवाद आहे. देशपातळीवरचं धोरण म्हणून त्यात तथ्य आहे. पण सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणाऱ्या कुटुंबाकडे मोटारीचा पर्यायच नाही, त्यामुळे त्यांना हा युक्तिवाद लागू पडत नाही. सक्ती नसली, तरी मुलाला स्वतंत्र सीटवर पट्ट्याने बसवा, असा आग्रह तेच प्रशासन पालकांना करतं.

आपल्याकडे आणि युरोपात मांडीवरच्या मुलासाठी आईच्या पट्ट्याला जोडायचा छोटा पट्टा मिळतो. त्याने मूल छतावर आदळत नाही, म्हणून तो लावायलाच हवा. पण विमान जोरात थांबलं, तर आईचं शरीर पुढे वाकतं आणि मूल तिच्या आणि पट्ट्याच्या मध्ये चिरडलं जाऊ शकतं. याच कारणाने अमेरिकेत या पट्ट्याला परवानगी नाही. त्यापेक्षा चांगले पर्याय दोन. एक म्हणजे विमानात वापरायची मान्यता असलेली कार सीट. दुसरा केअर्स नावाचा खांद्यावरून येणारा पट्टा. तो विमानाच्या सीटच्या पाठीला बांधतात आणि १० ते २० किलो वजनाच्या मुलांना चालतो. दोन्हींसाठी मुलाची स्वतंत्र सीट लागते. आपण निवडलेली कंपनी यांपैकी काय चालवून घेते, हे तिकीट काढण्याआधी विचारून घ्यावं. लांबच्या प्रवासात ऐपत असेल, तर बाकीच्या खर्चाला कात्री लावून ती सीट घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ते जमणार नसेल, तर छोटा पट्टा मागून घ्यावा आणि मूल मांडीवर असताना पट्टा बांधायच्या सूचनेचा दिवा विझला तरी सोडू नये. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेलं विमान उतरायच्या बेतात असताना वादळी हवेत सापडलं आणि अनेक प्रवासी जखमी झाले. उन्हाळ्याच्या अखेरीचे आणि पावसाळ्याचे ढग देशातल्या दोन-अडीच तासांच्या प्रवासातही असा तडाखा देऊ शकतात.

रोजच्या उड्डाणांत मात्र मुलांना इजा होते ती साध्या गोष्टींनी. चहा-कॉफी सांडून भाजणं, ट्रॉलीच्या वाटेत आलेली बोटं, मांडीवरून घसरून पडणं. लहान मुलाची त्वचा पातळ असते, त्यामुळे मोठ्या माणसाला चटका बसेल एवढ्या गरम चहाने मूल खोलवर भाजतं. मूल मांडीवर असताना गरम पेय घेऊच नये. मुलाला आइलच्या बाजूला बसवू नये. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं हातात देऊ नयेत. श्वासनलिकेत दाणा अडकला तर वर आकाशात डॉक्टर मिळेलच असं नाही.

आता मुलाला गुंतवायचं कसं? बहुतेक घरांत पिशवी भरून खेळणी घेतली जातात. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली १८ ते ३० महिन्यांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक तऱ्हांनी खेळली. समोर ढीग असला, की लक्ष एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतं. दुसरीकडे, बाळांची नजर ओळखीच्या आकृतीवरून हळूहळू उडते आणि नव्या आकृतीवर खिळते, हे रॉबर्ट फँट्झ यांनी १९६४ मध्येच दाखवलं होतं. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की युक्ती सापडते. वस्तू थोड्या घ्याव्यात, एका वेळी एकच बाहेर काढावी, आणि मन उडालं की ती दृष्टिआड करून दुसरी द्यावी. दोन तासांनी पहिलीच पुन्हा काढली, तर ती बरीचशी नवी वाटते.

महागड्या खेळण्यांची गरज नाही. रंगीत कागदी चिकटपट्टीचे चार-पाच लांब तुकडे समोरच्या ट्रेवर लावून बघा. मूल आधी तळहाताने चापटतं. मग तर्जनीच्या नखाने कडा शोधतं. कडा सुटली की अंगठा मदतीला येतो, जीभ ओठांबाहेर डोकावते, आणि पट्टी सर्रकन निघते. आता ती बोटाला चिकटते. या बोटाची काढली की त्या बोटाला! मूल चकित होऊन हात झटकतं आणि पुन्हा आपल्याकडे पट्टी लावायला देतं. चिमटीत धरायचं कौशल्य त्या वयात पक्कं होत असतं, म्हणून मेंदूला याची भूक असते. तसंच स्टीलची मोठी डबी आणि जुन्या ओढणीचे रुंद तुकडे: भरायचे, झाकण लावायचं, उघडून उपसायचे. पट्टीचे तुकडे तोंडात जाणार नाहीत याकडे मात्र डोळा हवा, आणि बटण बॅटरीचं खेळणं पिशवीत नसलेलंच बरं.

हातांची भूक भागली तरी पायांची उरतेच. विमानात चढण्याआधीचा वेळ मुलाला गेटजवळ मनसोक्त चालू द्यावं. वर गेल्यावर दिवा बंद असेल आणि ट्रॉली फिरत नसेल, तेव्हा बोट धरून फेऱ्या माराव्यात. एरवी दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही वादळी हवेत पट्टा सोडायची सोयच नसेल, त्या अर्ध्या तासासाठी मोबाइल दिला तर अपराधी वाटून घेऊ नये.

झोपेचं औषध हा मार्ग मात्र धोक्याचा आहे. सर्दी-उलटीवर दिलं जाणारं प्रोमेथाझिन ‘जरा गुंगी येते’ म्हणून प्रवासात मुलांना पाजलं जातं. त्याने दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून या वयात ते देऊ नये अशी चौकटीतली ताकीद अमेरिकेत त्यावर छापावी लागते. शिवाय विमानात हवेचा दाब कमी, म्हणजे प्रत्येक श्वासागणिक प्राणवायूही कमी. काही मुलं या जातीच्या औषधांनी झोपण्याऐवजी उलट बिथरतात.

मुलाची खरी कसोटी लागते ती उतरताना. उंचावर असताना केबिनमधला दाब साधारण ८,००० फुटांवरच्या हवेइतका, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही अडीच हजार फूट वरचा असतो. वर जाताना मधल्या कानातली हवा फुगते आणि कंठकर्णनलिकेतून सहज बाहेर पडते. खाली येताना तीच हवा आकसते, कानाचा पडदा आत ओढला जातो, आणि बाहेरून हवा आत यायची तर नलिका उघडावी लागते. गिळताना टाळूचा एक स्नायू ती उघडतो. लहान मुलांत ही नलिका आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. आपल्याला नुसते दडे बसतात तिथे मुलाला कळ येते. झोपलेलं मूल फारसं गिळत नाही, म्हणून उतरायच्या अर्ध्या तासात ते किंचाळत जागं होतं.

उतरण्याची घोषणा झाली की मुलाला हळुवार उठवावं. अंगावर पिणारं असेल तर पाजावं. मोठं असेल तर स्ट्रॉने पाणी, घोट-घोट. आधीच बाटली संपवून ठेवली तर या वेळी पोट भरलेलं असतं, म्हणून थोडं राखून ठेवावं. सगळ्यात नवं खेळणंही याच अर्ध्या तासासाठी ठेवावं, कारण पट्टा सोडता येत नाही आणि कानही दुखतो. मुलाला सर्दी किंवा कानाचा संसर्ग असेल, तर प्रवासाआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. आणि घरी पोचल्यावर मूल कान ओढत राहिलं, ताप आला किंवा कानातून पाणी आलं, तर ‘प्रवासाचा शीण असेल’ म्हणत थांबू नये, कान तपासून घ्यावा.