फॅमिली हॉलमधली सोयरीक

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ-कन्नडमार्गे धुळ्याकडे, पैठणकडे किंवा सिल्लोडमार्गे अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गेल्या काही दशकांत जी हॉटेले उभी राहिली, त्यांपैकी अनेकांच्या दर्शनी भागात पुरुषांची बैठक असते आणि मागच्या बाजूला किंवा वरच्या मजल्यावर ‘फॅमिली’ अशी पाटी लावलेला वेगळा हॉल असतो. या हॉलमध्ये तरुण मुलगा आणि तरुण मुलगी समोरासमोर बसण्याचे प्रसंग दोन प्रकारचे असतात. एकात त्यांना दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी तेथे आणलेले असते आणि दुसऱ्यात ती दोघे आपापल्या मनाने आलेली असतात. पहिल्या जोडीसाठी टेबले जोडली जातात, तर दुसऱ्या जोडीकडे गल्ल्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सर्वांच्या नजरा वळतात. दोन्ही जोड्या सज्ञान असतील तर कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात कोणताही फरक नाही, परंतु समाजाच्या दृष्टीने हा फरक इतका मोठा आहे की त्यावर माणसांची आयुष्ये घडतात आणि कधी कधी संपतातही.

‘बघण्याचा कार्यक्रम’ म्हणजे लग्न ठरण्यापूर्वी मुलाकडच्या मंडळींनी मुलीला पाहण्याचा रीतसर प्रसंग. तो पूर्वी मुलीच्या घरीच होत असे. मुलाचे वडील, मामा, चुलते, एखादा थोरला जावई आणि दोन्ही घरांना ओळखणारा मध्यस्थ असे पाच-सात पाहुणे येत, मुलगी पदर सावरून पोह्यांच्या बशा किंवा चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत असे, नाव, शिक्षण, स्वयंपाक यांविषयीच्या ठरावीक प्रश्नांना खालच्या मानेने उत्तरे देत असे आणि आत निघून जात असे. मुलगा पुष्कळदा एक शब्दही बोलत नसे, आणि मुलीने मुलाला काही विचारावे ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नसे. प्रत्येक वेळी पाहुणचाराचा खर्च होई तो वेगळाच, परंतु खरी किंमत अब्रूची असे, कारण गाडी दारात उभी राहिली की साऱ्या गल्लीला कळे, आणि आठ दिवसांत होकार आला नाही की ‘त्या मुलीला नकार आला’ ही गोष्ट पुढच्या स्थळाच्या कानावर आधीच पोहोचलेली असे.

हा कार्यक्रम हॉटेलात हलवण्यामागे मुख्यतः हीच अडचण आहे. मुलीचे गाव कन्नड तालुक्यात आणि मुलाचे पैठण तालुक्यात असेल, तर दोघांनी शहराजवळच्या रस्त्यावर एखाद्या मध्यवर्ती हॉटेलात भेटणे प्रवासाच्या दृष्टीने सोयीचे ठरते, चहा-नाश्त्याचे बिल दोन्ही बाजूंपैकी कोणीही देऊ शकते, आणि नकार आलाच तर तो चार भिंतींबाहेर जात नाही. मुलगी ‘दाखवण्याच्या’ प्रसंगातील अपमान यामुळे पूर्ण नाहीसा होत नाही, पण त्याची धार नक्कीच कमी होते. परक्या जागेत मुलगी यजमान नसते, तिला कोणाला काही वाढावे लागत नाही आणि ती इतरांसारखीच खुर्चीवर बसते. जिच्यावर हा प्रसंग आठ-दहा वेळा येतो तिच्यासाठी हा बदल लहान नाही, आणि घरात ठाम शब्द उच्चारू न शकलेल्या अनेक मुलींना या जागेने थोडी मोकळीक दिली आहे, हे मान्य करायलाच हवे.

ही मोकळीक किती, हे मात्र बसण्याच्या रचनेवरून ओळखता येते. आरंभी सर्व मंडळी एकाच लांब टेबलाभोवती बसतात. मामा आणि चुलते शेती किती, पाणी कसे, नोकरी कायम की कंत्राटी, बहिणी दिल्या कुठे, अशा चौकशा करतात. मग एखादा समजूतदार वडीलधारा ‘तुम्ही दोघं बोलून घ्या’ असे म्हणतो, आणि मुलगा-मुलगी चार टेबले सोडून एका कोपऱ्यात बसतात. ही दहा-पंधरा मिनिटे अनेक जोडप्यांच्या बाबतीत लग्नाआधीची एकमेव प्रत्यक्ष भेट ठरते. या वेळेत कोणीही कान लावून बसलेले नसले तरी मुलीची आई तिच्या चेहऱ्याकडे आणि मुलाचा मामा घड्याळाकडे पाहत असतो, त्यामुळे दोघेही आवडता पदार्थ, शिक्षण, शहरात राहण्याची तयारी एवढ्यावरच थांबतात. व्यसन, कर्ज, आधीचे प्रेम, मुलीची नोकरी पुढे चालू राहील का, वेगळे बिऱ्हाड करता येईल का, हे ज्यावर संसार तरतो किंवा मोडतो ते प्रश्न विचारायला ना वेळ असतो, ना धीर. निर्णय परतीच्या गाडीत होतो आणि तो मध्यस्थामार्फत कळवला जातो. मुलीची पसंती विचारली जाते ती बहुधा मुलाकडून होकार आल्यानंतर, म्हणजे नकार देणे तिच्यासाठी सर्वांत अवघड झालेले असते तेव्हा.

कुटुंबाचा एवढा अधिकार कशातून येतो, याचे उत्तर नातेसंबंधांच्या रचनेत आहे. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश असल्याचे दाखवले. उत्तरेत नात्यात लग्न टाळले जाते, दक्षिणेत ते पसंत केले जाते, आणि महाराष्ट्रात अनेक जातींमध्ये मुलाने मामाची मुलगी करणे योग्य मानले जाते. हिंदू विवाह कायदा, १९५५ सपिंड म्हणजे ठरावीक पिढ्यांच्या आतील रक्तसंबंधातील विवाह नाकारतो, पण तशी रूढी असेल तर सूट देतो, आणि मामेबहिणीशी होणारी लग्ने या सुटीच्या आधारेच वैध ठरतात. अशा व्यवस्थेत सोयरीक हा दोन व्यक्तींचा करार राहत नाही. तो दोन भावक्यांमधला, म्हणजे प्रत्येकी एकेका कुळातील पुरुषांच्या दोन गटांमधला, दीर्घकाळ चालणारा व्यवहार होतो, ज्यात शेताचा बांध, उसनवारी, निवडणुकीतील पाठिंबा आणि पुढच्या मुलींची लग्ने अशा अनेक गोष्टी अडकलेल्या असतात. मामा आणि चुलते त्या टेबलाभोवती का बसतात आणि मुलाच्या एका पसंतीने त्यांना एवढी काळजी का वाटते, हे यातून कळते. जातीबाहेरच्या लग्नाला होणाऱ्या विरोधाची मुळेही येथेच आहेत. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत देशभरात जातीबाहेर झालेल्या विवाहांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आढळले होते.

दरम्यान मराठवाड्यात मुलींच्या संख्येनेच हा व्यवहार हलवून टाकला आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या आणि संभाजीनगरशेजारच्या बीड जिल्ह्यात फक्त ८०७. त्या गणनेतील मुले-मुली आता विवाहाच्या वयात येऊ लागली आहेत, त्यामुळे टंचाईची पूर्ण झळ अजून पुढे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता आणि त्यामागची वेदना खरी होती. शेती करणाऱ्या मुलाला नकार मिळतो, नोकरदाराला पसंती मिळते, आणि टेबलावर मुलीकडच्यांचा शब्द पूर्वीपेक्षा जड झाला आहे. मात्र हे वजन बहुतांशी मुलीच्या वडिलांचे आहे, मुलीचे नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले, आणि परभणी व बीड जिल्ह्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक होते. अठरा पूर्ण न झालेली मुलगी हॉटेलात दाखवायला आणली जाते तेव्हा तिची पसंती विचारण्याला काही अर्थ उरत नाही. अशा मुलीचे लग्न लावणे हा बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ नुसार गुन्हा आहे आणि लग्न ठरवणारे व लावणारे वडीलधारेही त्यात शिक्षेस पात्र ठरतात.

आता दुसरी जोडी. वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद आणि म्हैसमाळ या परिसरात लेणी, किल्ला, दर्गा, देवस्थाने आणि डोंगर असल्यामुळे शहरातील महाविद्यालयीन तरुण-तरुणींना तेथे जाण्यासाठी निमित्त शोधावे लागत नाही. पण रस्त्यावरचे हॉटेल हे शहरातल्या हॉटेलासारखे अनोळखी नसते. मालक पंचक्रोशीतला असतो, वेटर शेजारच्या गावचा असतो आणि जेवायला आलेल्या चौघांपैकी एक मुलीच्या आतेभावाचा मित्र निघण्याची शक्यता नेहमीच असते. पूर्वी ही बातमी दोन दिवसांनी घरी पोहोचत असे, आता ताट येण्याआधी छायाचित्र पोहोचते. पुढे कॉलेज बंद, मोबाइल काढून घेणे आणि घाईघाईने स्थळे पाहणे ही साखळी सुरू होते. जी आई चार टेबले सोडून बसलेल्या लेकीला ‘मोकळेपणाने बोल’ असे सांगते, तीच आई मुलगी त्याच हॉलमध्ये स्वतःहून बसल्याचे कळल्यावर हादरते. तिची भीती खोटी नसते, कारण गावच्या बोलण्याचा पहिला वार तिच्यावरच होणार असतो. परंतु त्या भीतीची किंमत मुलीने आपले शिक्षण सोडून चुकवावी, हे न्याय्य म्हणता येत नाही.

पोलीस यंत्रणाही पुष्कळदा याच भीतीच्या बाजूने उभी राहते. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ-अक्सा भागातील हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि सुमारे चाळीस जोडप्यांना ताब्यात घेतले. सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाविषयीचे पोलीस कायद्यातील ११० वे कलम त्यांच्यापैकी अनेकांना लावण्यात आले, जरी ती माणसे बंद खोल्यांमध्ये होती. काहींना पालकांना फोन करायला लावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यावर मोठी टीका झाली. वास्तविक दोन सज्ञान, अविवाहित व्यक्तींनी हॉटेलात एकत्र राहण्यास मनाई करणारा कायदा भारतात नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोइम्बतूरमधील एका प्रकरणात हे स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये विवाहाविना सहजीवन हा गुन्हा नसल्याचे व २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे निर्णय दिले होते. हॉटेलचालकाने ओळखपत्र पाहून वय आणि नाव नोंदवणे रास्त आहे. विवाहाचा पुरावा किंवा घरचा क्रमांक मागण्याची सक्ती मात्र कोणताही कायदा त्याच्यावर करत नाही. खासगी व्यावसायिक स्वतःचे नियम करू शकतात ही अडचण राहतेच. जानेवारी २०२५ मध्ये ओयो या कंपनीने मेरठमधील आपल्या हॉटेलांना अविवाहित जोडप्यांना नाकारण्याची मुभा दिली, तेव्हा ती ठळकपणे दिसली.

प्रेमातून लग्नाकडे जाताना कुटुंबाचा हात आणखी घट्ट होतो. कायदा मात्र उलट दिशेने गेला आहे. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात अल्पवयीन वधूसाठी पालकांच्या संमतीची तरतूद होती. १९७८ मध्ये विवाहाचे वय वाढवताना ती वगळण्यात आली, आणि सज्ञान वधू-वरांना आई-वडिलांच्या परवानगीची गरज कायद्याने ठेवलेली नाही. भिन्नधर्मीय जोडप्यांना मात्र बहुधा विशेष विवाह कायदा, १९५४ चा आधार घ्यावा लागतो, आणि त्यात विवाह अधिकाऱ्याकडे दिलेली नोटीस कार्यालयात तीस दिवस लावून ठेवावी लागते. आक्षेप घेता येतो तो फक्त वय, आधीचा विवाह, निषिद्ध नाते अशा कायद्यात सांगितलेल्या कारणांवर, ‘घरच्यांना मान्य नाही’ या कारणावर नव्हे. तरीही त्या तीस दिवसांत नोटीस वाचणारा कोणीही नातेवाइकांना कळवू शकतो, आणि विरोध असलेल्या घरांतील जोडप्यांसाठी हाच काळ सर्वांत धोक्याचा असतो. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांसाठी कुटुंब समन्वय समिती नेमली. घराशी तुटलेल्या मुलींना आधार देणे हा तिचा सांगितलेला हेतू असला तरी सज्ञान स्त्रीच्या विवाहाची माहिती शासनाने तिच्या कुटुंबाच्या संदर्भात गोळा करावी, यावर अनेक संघटनांनी आक्षेप घेतला, आणि तो आक्षेप योग्य होता.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लता सिंह प्रकरणात आंतरजातीय जोडप्यांना त्रास देणाऱ्यांवर कारवाईचे निर्देश दिले, आणि २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी प्रकरणात दोन सज्ञान व्यक्तींनी एकमेकांची निवड केल्यावर कुटुंबाची, समाजाची किंवा कुळाची संमती आवश्यक नाही, असे ठरवले. त्याच निर्णयात प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षागृहे, म्हणजे धोका असलेल्या जोडप्याला पोलीस संरक्षणात राहता येईल अशी घरे, उभारण्याविषयी निर्देश होते. त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळाने, डिसेंबर २०२१ मध्ये, वैजापूर तालुक्यात प्रेमविवाह केलेल्या एका तरुणीचा तिच्या सासरच्या घरी खून झाला आणि त्या प्रकरणी तिच्या माहेरच्याच माणसांना अटक झाली. राज्याच्या गृह विभागाने विशेष कक्ष आणि सुरक्षागृहांची कार्यपद्धती डिसेंबर २०२४ मध्ये परिपत्रकाद्वारे लागू केली. त्यानुसार जोडप्याला पोलिसांकडे संरक्षण मागता येते आणि धोका असेल तर नाममात्र शुल्कात सुरक्षागृहात राहता येते. ११२ हा पोलीस मदतीचा क्रमांक राज्यभर चोवीस तास चालू असतो. ही माहिती पोलीस ठाण्याच्या फलकावर राहून उपयोग नाही. ती महाविद्यालयांत आणि बसस्थानकांवर लागली पाहिजे, आणि जेथे ही मुले-मुली पहिल्यांदा एकत्र बसतात त्या हॉटेलांच्या फॅमिली हॉलमध्येही लागली पाहिजे.